हिरवे कर्ज, उसाचे बिल आणि गोदावरीचे पाणी

५ ऑक्टोबर २०२५ रोजी कोपरगाव तालुक्यातल्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यावर केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते एका प्रकल्पाचे उद्घाटन झाले. एकाहून अधिक प्रकारच्या कच्च्या मालावर चालणारा, सहकारी क्षेत्रातला देशातला पहिला सीबीजी प्रकल्प. सीबीजी म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला जैववायू; तो सीएनजीच्या जागी वाहनात चालतो. जोडीला पोटॅश तयार करणारा स्प्रे ड्रायर. खर्च सुमारे ५५ कोटी रुपये, उत्पादन रोज १२ टन गॅस आणि ७५ टन पोटॅश. देशातल्या आणखी १५ सहकारी कारखान्यांत असे प्रकल्प राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या, म्हणजे एनसीडीसीच्या, अर्थसाहाय्याने उभे करण्याचेही त्या वेळी जाहीर झाले.

अशा बातमीत यंत्राची क्षमता येते, फीत कापणाऱ्यांची नावे येतात. असा प्रकल्प कर्जाशिवाय उभा राहत नाही, पण कर्ज देणारा कशाच्या भरवशावर देतो आणि ते परत कसे येते, हे सहसा बातमीत येत नाही. हरित कर्जाचा सगळा प्रश्न नेमका तिथे आहे. प्रदूषण, कार्बन उत्सर्जन किंवा पाण्याची नासाडी कमी करणाऱ्या कामाला दिलेले कर्ज म्हणजे हरित कर्ज, एवढी व्याख्या सोपी आहे. अवघड आहे ते एखाद्या देशाच्या अख्ख्या बँकव्यवस्थेला, मुंबईच्या मुख्यालयापासून गावच्या सोसायटीपर्यंत, असे कर्ज नेहमीच्या कामासारखे देता येणे. कोपरगाव हा तालुका ते समजून घ्यायला चांगला आहे, कारण या व्यवस्थेची ताकद आणि तिची आंधळी जागा दोन्ही तिथे शेजारी शेजारी दिसतात.

बँक काय पाहते?

बँकेला पर्यावरणाविषयी कितीही कळकळ असली तरी कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न साधा असतो. माल कोण घेणार आणि किती भावाने?

साखर कारखान्यातून साखरेखेरीज तीन गोष्टी ढिगाने निघतात. उसाचा चोथा म्हणजे बगॅस, रस गाळताना उरणारा प्रेसमड आणि साखर काढून झाल्यावर उरणारे मोलॅसिस. मोलॅसिसपासून अल्कोहोल काढले की एका लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. काळपट, उग्र वासाच्या या सांडपाण्याची ओळख डिस्टिलरीजवळच्या गावांना करून द्यावी लागत नाही. याच स्पेंटवॉशमधून आणि प्रेसमडमधून जैववायू मिळतो, आणि उसाने जमिनीतून उचललेले पालाश स्पेंटवॉशमध्ये उतरलेले असल्याने तो वाळवून पोटॅश हाती लागते.

आता हिशेब पाहू. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने ‘सतत’ नावाची योजना सुरू केली. तिच्यात सरकारी तेल कंपन्यांनी सीबीजी किलोला किमान ४६ रुपयांनी घेण्याची हमी दिली. त्या सुरुवातीच्या भावाने १२ टन गॅसचे दिवसाला साडेपाच लाख रुपये होतात. जानेवारी २०२४ मध्ये मोलॅसिसपासूनच्या पोटॅशला कारखान्यांनी खत कंपन्यांना विकण्यासाठी टनाला ४,२६३ रुपये दर ठरला. त्या दराने ७५ टनांचे तीन लाखांच्या वर जातात. हे ढोबळ आकडे आहेत. त्यातून मजुरी, वीज, देखभाल, कच्चा माल सारे वजा व्हायचे आहे. पण घेणारा ठरलेला आणि भाव बांधलेला असला की ५५ कोटींचा हप्ता कुठून येणार हे कागदावर दाखवता येते. शिवाय शहरांना पुरवल्या जाणाऱ्या गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का सीबीजी मिसळणे वितरकांना बंधनकारक झाले आणि २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर न्यायचे ठरले आहे. म्हणजे गिऱ्हाईक नुसते आहे एवढेच नाही, ते वाढणार आहे.

कच्चा माल एकाहून अधिक प्रकारचा असण्याचे महत्त्वही इथेच कळते. महाराष्ट्रात गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. प्रेसमड साठवून ठेवला तर त्यातून मिळणारा वायू घटत जातो. हंगाम संपल्यावर यंत्र बंद पडते, व्याज मात्र बाराही महिने चालू राहते. दुसऱ्या कच्च्या मालावर प्रकल्प चालवता आला तर बँकेचा जीव भांड्यात पडतो.

कपातीची जुनी वाट

कोपरगाव ज्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, त्याला कर्जाचा इतिहास नवा नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा हे कालवे निघाले, दारणा धरण झाले आणि कोपरगावच्या कोरड्या माळाला पाटपाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साकरवाडी-लक्ष्मीवाडीचे सोमय्यांचे खासगी कारखाने आले. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा कारखाना उभा राहिला, आणि पुढे कोपरगावात शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे यांच्या नेतृत्वाखालचे दोन सहकारी कारखाने नावारूपाला आले.

या कारखान्यांबरोबर एक वसुलीची पद्धत रुजली. शेतकरी सोसायटीकडून कर्ज घेतो. सोसायटीला पैसे जिल्हा बँक देते. जिल्हा बँकेला राज्य सहकारी बँक आणि तिच्या मागे नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक. ऊस कारखान्याला गेला की बिलातून सोसायटीची रक्कम आधी कापली जाते, उरलेले शेतकऱ्याच्या खात्यात पडते. या कपातीवर बांधावर कितीही कुरकुर झाली तरी तिच्यामुळेच ज्याच्याकडे दाखवायला पगारपत्रक नाही अशा माणसाला बँकेने पैसे दिले.

हरित कर्जाचे महाराष्ट्रातले एक महत्त्वाचे उदाहरण याच वाटेने गेले. जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. हेक्टरी ८५,४०० रुपयांपर्यंत कर्ज आणि व्याज ७.२५ टक्के. त्यातले ४ टक्के सरकारने, १.२५ टक्के कारखान्याने आणि फक्त २ टक्के शेतकऱ्याने सोसायचे, अशी वाटणी होती. व्याजाचे हे तीन वाटे नीट पाहण्यासारखे आहेत. ठिबकने वाचलेल्या पाण्याचा फायदा कोणाला? शेतकऱ्याला, कारण खत आणि मजुरी वाचते. कारखान्याला, कारण दुष्काळातही थोडाफार ऊस टिकतो. खालच्या गावांना आणि शहरांनाही, कारण पाटात पाणी उरते. त्यांच्या वतीने सरकारने भरायचे. ज्याला लाभ त्याने भार उचलावा, हे तत्त्व इथे व्याजाच्या दरात उतरले.

सक्ती मात्र कागदावरून शिवारात पुरती उतरली नाही. ठिबक बसवले तरी तळे किंवा विहीर हवी, कारण पाटाचे आवर्तन आठवड्यांच्या अंतराने येते आणि ठिबकला रोज थोडे पाणी लागते. आधीच थकबाकीत असलेल्याला नवे कर्ज मिळत नाही. यंत्रणेला पैसा होता, पण त्या आधीची जुळवाजुळव नव्हती. हरित कर्ज कमी व्याजाअभावी जितके अडते, त्याहून जास्त या जुळवाजुळवीअभावी अडते.

मुंबईतून निघालेला नियम

राष्ट्रीय पातळीवर बँकांना वळवण्याचे सगळ्यात जुने हत्यार म्हणजे प्राधान्य क्षेत्र. व्यापारी बँकांनी एकूण कर्जाच्या ठरावीक हिशेबाने ४० टक्के कर्ज या क्षेत्राला द्यावे लागते, त्यात १८ टक्के शेतीला. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अपारंपरिक ऊर्जा या यादीत घेतली. तेव्हा एका कर्जदाराची मर्यादा १५ कोटी होती. २०२० मध्ये ती ३० कोटी झाली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ३५ कोटी. घरगुती कर्जाला मर्यादा १० लाख.

५५ कोटींचा सीबीजी प्रकल्प या ३५ कोटींत बसत नाही. पण २०२० च्या बदलात रिझर्व्ह बँकेने सीबीजी प्रकल्पांना शेतीच्या पायाभूत सुविधांच्या यादीत घेतले, आणि तिथली मर्यादा १०० कोटी आहे. एकच प्रकल्प ऊर्जेच्या रकान्यात बसत नाही, शेतीच्या रकान्यात आरामात बसते. नियमांची ही बारीक रचनाच कर्जाची दिशा ठरवते. बँकेला आपले शेतीचे उद्दिष्ट गाठायचे असते. कोणता प्रकल्प शेतीत मोजला जातो यावर शाखाधिकाऱ्याचा उत्साह अवलंबून असतो.

दुसरे हत्यार म्हणजे व्याजात सवलत. २०१८ पासूनच्या इथेनॉल योजनेत बँक जे व्याज लावेल त्याच्या निम्मे किंवा वर्षाला ६ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते केंद्राने पाच वर्षे भरायचे. सहकारी कारखान्यांसाठी एनसीडीसीला १,००० कोटींचे अनुदान मिळाले. त्याच्या आधारे तिने १०,००० कोटींपर्यंत कर्ज द्यायचे, तेही इथेनॉल, सहवीजनिर्मिती आणि खेळत्या भांडवलासाठी.

तिसरे हत्यार ठेवीदारांच्या हातात देण्यासाठी बनवले गेले. एप्रिल २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची चौकट आखली आणि १ जूनपासून ती लागू झाली. बँकेने अशा ठेवींतला पैसा सौर-पवन ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचरा व्यवस्थापन, हरित इमारती अशा ठरलेल्या कामांनाच द्यायचा आणि दरवर्षी त्रयस्थाकडून तपासून घ्यायचा. जीवाश्म इंधन, अणुऊर्जा, २५ मेगावॉटहून मोठे जलविद्युत प्रकल्प, तंबाखू, शस्त्रे आणि मद्य यांना हा पैसा वर्ज्य.

या चौकटीत नगर जिल्ह्याच्या दृष्टीने दोन गोष्टी खटकतात. एक, ती व्यापारी बँका, लघुवित्त बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्तसंस्थांसाठी आखली गेली. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका बाहेर राहिल्या. म्हणजे ज्या जिल्हा बँकेत उसाचे बिल जमा होते, तिला ‘या ठेवीतून ठिबक बसेल’ असे सांगून ठेव गोळा करण्याची सोय या चौकटीने दिली नाही. दोन, मद्य उद्योगाला बंदी आहे आणि इंधनाच्या इथेनॉलला सगळेच उत्तेजन देतात. पण कारखान्याची डिस्टिलरी एकच असते. तिथले अल्कोहोल पाणी काढून टाकून तेल कंपनीच्या टँकरमध्ये गेले की हिरवे, आणि दुसऱ्या नळाने दारूच्या कारखान्याकडे गेले की वर्ज्य. त्यामुळे अशा ठिकाणी बँकेला यंत्र पाहून भागत नाही, विक्रीची वही पाहावी लागते.

मे २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने हवामान-वित्ताच्या वर्गीकरणाचा मसुदा मांडला, तो असा गोंधळ टाळण्यासाठी. कशाला हिरवे म्हणायचे हे देशभर एकाच मापाने ठरले नाही, तर प्रत्येक बँक आपापला रंग लावणार.

छपरावरचे आणि शिवारातले ऊन

सगळे हरित कर्ज कोटींत नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छप्पर-संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. उरलेल्या रकमेसाठी दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज रेपो दरापेक्षा अवघ्या अर्धा टक्का जास्त दराने मिळते. इथे बँकेने घर तारण घेतलेले नाही. वाचलेल्या वीजबिलातून हप्ता निघेल, या गृहीतावर ती पैसे देते. महिन्याला बिल भरणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब लगेच पटतो.

शिवारात आधार वेगळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक नगर जिल्ह्यातल्याच राळेगणसिद्धीला झाला. योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला आणि त्यातला पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये कोपरगावला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला. इथे कर्ज विकासकाच्या नावावर असते, वीज महावितरण दीर्घ मुदतीच्या कराराने घेते, आणि जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही आणि दिवसा वीज मिळते. हे मॉडेल बँकांना आवडते, कारण त्यांना हजारो शेतकऱ्यांऐवजी एकाच करारावर विसंबता येते.

धोरण बदलले की

करारावर आणि सरकारी भावावर विसंबण्याला दुसरी बाजू आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. साखरेचे उत्पादन घटण्याची भीती हे कारण. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पण इथेनॉलकडे वळवायच्या साखरेला १७ लाख टनांची मर्यादा बसली, आणि ती पुढच्या हंगामापर्यंत उठली नाही. ज्या कारखान्यांनी व्याजसवलतीच्या योजनेवर विसंबून नव्या डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, त्यांची यंत्रे तयार होती, हप्ते चालू होते आणि कच्चा माल सरकारने थांबवला होता. मार्च २०२५ मध्ये मका आणि खराब धान्यावरही चालतील अशा डिस्टिलऱ्या करण्यासाठी सहकारी कारखान्यांना पुन्हा व्याजसवलत जाहीर झाली. एका धोरणाने केलेली जखम दुसऱ्या धोरणाने बांधली.

बँकेने यातून काय शिकावे? सरकारचा भाव ही हमी आहे, पण ती सरकारच्या मुदतीची हमी आहे. कर्ज सात-दहा वर्षांचे असते. त्यामुळे एकाच मालावर, एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच आदेशावर उभा असलेला प्रकल्प कितीही हिरवा असो, तो धोक्याचा आहे.

पाण्याचा रकाना

कोपरगाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला पाटाने पाणी द्यायचे तर त्याच्या कित्येक पट लागते. गोदावरीच्या कालव्यांचे पाणी पिण्याला, उद्योगांना आणि शेतीला वाटून जाते. त्यात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीने तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावे लागते, आणि दर दुष्काळात त्यावर कोर्टकचेऱ्या होतात. आवर्तन कधी, किती दिवसांचे, टेलच्या चारीला पोचणार का, हेच इथल्या शेतकऱ्याचे हवामानशास्त्र.

आता एका कर्जाकडे दोन बाजूंनी पाहा. कारखान्याने स्पेंटवॉशपासून गॅस केला. सांडपाण्याचा प्रश्न सुटला, सीएनजी वाचला, आयातीचे पोटॅश वाचले. हे निखळ हिरवे आहे. पण या नव्या उत्पन्नामुळे कारखान्याने गाळप क्षमता वाढवली, नव्या उसाची नोंद घेतली, आणि ती नोंद पाटाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर उभी राहिली, तर कार्बनच्या रकान्यात नफा आणि पाण्याच्या रकान्यात तोटा. आजच्या बहुतेक कर्ज-अर्जांत पहिला रकाना असतो, दुसरा नसतो.

हा नुसता पर्यावरणाचा प्रश्न नाही, बँकेच्या ताळेबंदाचा आहे. २०१५ च्या दुष्काळानंतर राज्याचे साखर उत्पादन २०१५-१६ मधल्या सुमारे ८४ लाख टनांवरून पुढच्या हंगामात ४२ लाख टनांवर आले. एका वर्षात निम्मे. ऊस नाही तर बिल नाही, बिल नाही तर कपात नाही, आणि कपात नाही तर सोसायटीपासून राज्य बँकेपर्यंत सगळ्यांची वसुली एकाच वेळी थांबते. ज्या साखळीने कर्ज सुरक्षित केले, तीच साखळी दुष्काळाचा धक्का वरपर्यंत नेते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हवामानाचा धोका बँकांनी उघड करावा असा मसुदा काढला, तो व्यापारी आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपुरता. पण हा धोका सगळ्यात जवळून जिल्हा बँकेला भिडतो.

दुसऱ्यांनी कसे केले

चीनने २००७ मध्ये सुरुवात नकारापासून केली. पर्यावरण खात्याने नियम मोडणाऱ्या कारखान्यांची माहिती बँकांना द्यायची आणि बँकांनी हात आखडता घ्यायचा. २०१२ मध्ये त्याला हरित कर्जाच्या सविस्तर मार्गदर्शक सूचनांचे रूप मिळाले. बांगलादेशाने देण्यापासून सुरुवात केली. मध्यवर्ती बँकेने २००९ मध्ये सौर ऊर्जा, जैववायू आणि सांडपाणी शुद्धीकरणासाठी पुनर्वित्ताचा फिरता निधी ठेवला आणि २०११ मध्ये हरित बँकिंगचे धोरण आणले. त्याच देशात २००३ पासून इडकॉल या सरकारी संस्थेने ४० लाखांहून अधिक खेडूत घरांवर लहान सौरसंच पोचवले. पैसा वरून आला, पण वाटप आणि वसुली गावोगावच्या सूक्ष्मकर्ज संस्थांनी केली. संच बसवणाराच हप्ता घ्यायला येई आणि बिघाड झाला तर दुरुस्तही करी.

या दोन्ही देशांच्या अनुभवात कोपरगावला ओळखीचे काहीतरी आहे. बांगलादेशात हप्ता घेणारा दारात येतो, इथे तो उसाच्या बिलात आहे. चीनमध्ये प्रदूषणाची नोंद बँकेपर्यंत पोचते. इथे बँका प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र मागतात, पण ते फाइलला जोडले की काम संपते.

तेव्हा नवे काय उभारायचे यापेक्षा आहे त्यात काय जोडायचे, हे महत्त्वाचे. नाबार्डने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘हवामान रणनीती २०३०’ मध्ये सर्व क्षेत्रांत हरित कर्ज वाढवणे हा चार खांबांपैकी एक आहे. तो खांब सोसायटीच्या पायरीपर्यंत आणायचा तर तीन गोष्टी लागतील. हरित ठेवींची सोय सहकारी बँकांना, अर्थात तपासणीच्या अटीसह. सचिवापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत प्रकल्प वाचता येणारी माणसे. आज सोसायटीच्या सचिवाला पीककर्जाचा तक्ता पाठ असतो, सौरपंपाचा नसतो. आणि कर्जाच्या अर्जात पाण्याचा रकाना: या कामानंतर पाणी किती कमी लागेल, की जास्त लागेल, आणि ते कुठून येईल.

तिसऱ्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही. ऊसनोंद कारखान्याकडे आहे, पाणीपाळीची नोंद पाटबंधारे खात्याकडे आहे, कर्जाची नोंद बँकेकडे आहे. तिन्ही नोंदी एकाच गटनंबरावर आहेत. त्या एकत्र ठेवल्या तर ज्याने ठिबकने ऊस निम्म्या पाण्यात आणला, त्याला दुष्काळातही हप्ता फेडता येणारा कर्जदार म्हणून अर्धा टक्का कमी व्याज देणे हे धर्मकार्य राहणार नाही. तो बँकेचाच धंदा होईल. आणि ज्या दिवशी पाणी वाचवणारा शेतकरी बँकेला कमी धोक्याचा वाटू लागेल, त्या दिवसापासून हरित कर्जाला योजनेची गरज उरणार नाही.